समुद्रातल्या विजेची जमिनीखालची वाट: केबलचा मार्ग कसा ठरतो

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरचा नॉरफोक हा शेतीचा परगणा. तिथल्या रीपम या गावाजवळ दोन समुद्री पवनऊर्जा प्रकल्पांचे मंजूर केबलमार्ग एकमेकांना छेदतात. हॉर्नसी थ्रीची केबल उत्तरेला वेबर्नच्या किनाऱ्यावर जमिनीवर येते आणि सुमारे ५५ किलोमीटर दक्षिणेला, नॉर्विच शहरापलीकडच्या उपकेंद्राला जाते. नॉरफोक व्हॅनगार्डची केबल पूर्वेला हेझबराला किनाऱ्यावर येते आणि सुमारे ६० किलोमीटर पश्चिमेला नेक्टन गावी जाते. नकाशा पाहिला की कुणालाही वाटेल, या दोघांनी उपकेंद्रांची अदलाबदल केली असती तर हा छेद पडलाच नसता. मग तशी ती का झाली नाही?

याचं उत्तर शोधताना केबलचा मार्ग नेमका कसा ठरतो हे बरंच कळतं. साधारण कल्पना अशी असते की अभियंते नकाशा पसरतात, किनाऱ्यापासून उपकेंद्रापर्यंत सरळ रेघ मारतात आणि गावं, जंगलं चुकवत ती वाकवतात. प्रत्यक्षात रेघ सर्वांत शेवटी येते. वीज ग्रिडला कुठे जोडायची, ती किती केबलनी न्यायची आणि केबल किनाऱ्यावर कुठे आणायची, हे तीन प्रश्न आधी सुटलेले असतात. ज्यांच्या शेतातून किंवा गावाजवळून मार्ग जातो त्यांच्यापर्यंत विषय पोचतो तेव्हा चर्चा उरते ती या बांधाकडून की त्या बांधाकडून एवढीच. म्हणून आधीचे तीन निर्णय नीट समजून घेणं फार गरजेचं आहे.

ग्रिडचं टोक आधी

एक-दोन हजार मेगावॉटचा प्रकल्प जवळच्या कुठल्याही उपकेंद्राला जोडता येत नाही. गावोगावच्या ३३ किंवा १३२ केव्हीच्या (किलोव्होल्टच्या) जाळ्यात एवढी वीज मावत नाही. ब्रिटनमध्ये त्यासाठी ४०० केव्हीचं जाळं गाठावं लागतं. तिथेही ज्या उपकेंद्रात जादा वीज घेण्याची क्षमता आहे, नवीन बे (जोडणीचा कप्पा) उभारायला जागा आहे आणि पुढच्या वाहिन्या ती वीज वाहून नेऊ शकतात, तेच कामाचं. प्रकल्पाने अर्ज केला की ग्रिड चालवणारी संस्था काही पर्याय तपासते. समुद्रातली केबल, जमिनीवरची केबल आणि ग्रिडचं बळकटीकरण, अशा तिन्ही खर्चांची बेरीज करून जोडणीचं ठिकाण ठरतं. त्यामुळे किनाऱ्यापासून ३० किलोमीटरवरचं उपकेंद्र सोडून ६० किलोमीटरवरचं निवडलं जाऊ शकतं. जवळच्या उपकेंद्रामागची वाहिनी भरलेली असेल, तर तिथे वाचलेली केबल पुढे नव्या मनोऱ्यांच्या रूपात भरून द्यावी लागते.

रीपमच्या छेदाचं मूळ इथे आहे. दोन्ही प्रकल्पांचे विकासक वेगळे होते. प्रत्येकाने स्वतःचा अर्ज केला, स्वतःचं जोडणीचं ठिकाण मिळवलं आणि त्या ठिकाणापर्यंतचा स्वतःचा मार्ग शोधला. प्रत्येक मार्ग आपापल्या टोकांसाठी समंजसपणेच निवडलेला आहे. दोन्ही नकाशे एकत्र ठेवून टोकंच बदलण्याची जबाबदारी त्या व्यवस्थेत कुणाचीच नव्हती. त्या भागातल्या लोकांनी ही तक्रार वर्षानुवर्षं केली आणि ती पूर्णपणे रास्त होती.

किती केबल, म्हणजे किती रुंद पट्टा

दुसरा प्रश्न एसी (दिशा सतत बदलणारा प्रवाह) की डीसी (एकाच दिशेचा प्रवाह). जमिनीच्या दृष्टीने याच्याइतका मोठा निर्णय दुसरा नाही, कारण पट्ट्याची रुंदी त्यावर ठरते.

२२० केव्हीची एक एसी वाहिनी साधारण ४०० मेगावॉट नेते. तेवढ्या विजेला सुमारे १,०५० अँपिअर प्रवाह लागतो आणि जमिनीखालच्या एका केबलला त्याहून फार जास्त झेपत नाही. समुद्रात तिन्ही फेजचे गाभे एकाच जाड केबलमध्ये असतात. जमिनीवर आल्यावर ते तीन सुट्या केबलमध्ये विभागतात, कारण तीन गाभ्यांची केबल इतकी जड असते की रस्त्यावरून तिचे पुरेसे लांब तुकडे नेता येत नाहीत. शिवाय सुट्या केबलमधली उष्णता सहज बाहेर पडते. हॉर्नसी वन हा १,२१८ मेगावॉटचा प्रकल्प तीन एसी वाहिन्यांनी जोडलेला आहे, म्हणजे जमिनीखाली नऊ केबल. डॉगर बँक ए हा १,२०० मेगावॉटचा प्रकल्प ±३२० केव्ही डीसीने जोडलेला आहे. त्याला केबल दोनच.

अंतर वाढलं की एसीची दुसरी अडचण पुढे येते. केबलचा गाभा आणि बाहेरचं धातूचं आवरण मिळून एक लांबलचक कपॅसिटर तयार होतो आणि तो दर सेकंदाला ५० वेळा भरत-रिकामा होत राहतो. २२० केव्हीच्या केबलमध्ये किलोमीटरमागे साधारण ०.२ मायक्रोफॅरड धारिता धरली, तर भरण्यासाठीचा प्रवाह किलोमीटरमागे सुमारे ८ अँपिअर येतो. १३० किलोमीटर लांबीला हाच आकडा १,०४० अँपिअर होतो. म्हणजे एकाच टोकाकडून भरलेली केबल स्वतःलाच भरण्यात सगळी क्षमता खर्च करेल आणि उपयोगी वीज नेण्यासाठी काहीच उरणार नाही. यावर उपाय म्हणजे वाटेत रिअॅक्टर (तारेच्या वेटोळ्यांचं उपकरण) बसवून हा प्रवाह तिथल्या तिथे जिरवणं. हॉर्नसी वनने त्यासाठी समुद्रात मध्यावर वेगळं स्थानक उभारलं. काही प्रकल्पांना असं स्थानक किनाऱ्याजवळच्या शेतात हवं असतं, आणि मग एखाद्या शांत गावाशेजारी काही एकरांचा विजेचा कारखाना उभा राहतो.

नॉरफोक व्हॅनगार्डच्या पहिल्या आराखड्यात असंच स्थानक हेझबराच्या परिसरात येणार होतं. २०१८ मध्ये विकासकाने डीसीचा निर्णय घेतला. स्थानकाची गरज संपली आणि जोडीच्या नॉरफोक बोरियस प्रकल्पाच्या केबल धरूनही बांधकामाचा पट्टा सुमारे १०० मीटरवरून ४५ मीटरवर आला. ६० किलोमीटरच्या मार्गावर ५५ मीटर रुंदी वाचणं म्हणजे सुमारे ३३० हेक्टर जमीन. नकाशावर रेघ इकडेतिकडे सरकवून एवढी जमीन कुणीही वाचवू शकलं नसतं.

डीसीलाही किंमत आहेच. दोन्ही टोकांना एसीचं डीसी आणि डीसीचं एसी करणारी रूपांतरण केंद्रं लागतात, एक समुद्रात आणि एक जमिनीवर. जमिनीवरच्या केंद्रातले हॉल वीसेक मीटर उंच असतात, त्यामुळे सपाट मुलखात ते दुरून दिसतात. खर्चही मोठा, म्हणून कमी अंतरावरच्या प्रकल्पाला एसीच परवडतं. मुंबईसाठी आखलेल्या कुडूस ते आरे या १,००० मेगावॉटच्या वाहिनीतही डीसी निवडण्यामागे जागेचं हेच गणित दिसतं: सुमारे ८० किलोमीटरपैकी ५० किलोमीटर जमिनीखालून, आणि दाट वस्तीत चर जितका अरुंद तितका बरा.

किनाऱ्यावर पाय टेकण्याची जागा

वेबर्नच्या एकाच किनाऱ्यावर शेरिंगम शोल, डजन आणि हॉर्नसी थ्री हे प्रकल्प येतात आणि पहिल्या दोन्हींच्या विस्तारांनीही तीच जागा घेतली आहे. त्यामागे कारण आहे. तिथे किनारा झपकन खोल होतो, त्यामुळे केबल टाकणारं मोठं जहाज किनाऱ्याच्या बरंच जवळ येऊ शकतं. उथळ, लांबच लांब वाळूच्या किनाऱ्यावर जहाज दूर थांबतं आणि मधल्या पट्ट्यासाठी सपाट तळाचे तराफे, भरती-ओहोटीच्या वेळा आणि चांगलं हवामान या सगळ्यांचा मेळ बसवावा लागतो. अर्थात वेबर्नही निर्धोक नाही. समुद्रतळाशी संरक्षित चुनखडी आहे, आणि दुसऱ्या महायुद्धात इथे विमानवेधी तोफांचा सराव होत असे, म्हणून न फुटलेला दारूगोळा शोधल्याशिवाय काम पुढे सरकत नाही.

पूर्व इंग्लंडच्या किनाऱ्यावर त्याहून मोठा प्रश्न धूप हा आहे. यॉर्कशरमधला होल्डरनेसचा मातीचा कडा सरासरी वर्षाला दोनेक मीटर मागे सरकतो. डॉगर बँक ए आणि बी यांच्या केबल याच किनाऱ्यावर येतात. हेझबरालाही घरं समुद्रात गेली आहेत. केबलचं आयुष्य चाळीस वर्षं धरलं तर वर्षाला दोन मीटरप्रमाणे कडा ८० मीटर मागे येणार. एखाद्या वादळात एकदम आठ-दहा मीटर कोसळू शकतो, त्याची जादा सूट वेगळी. समुद्री केबल आणि जमिनीवरची केबल जिथे जोडतात ते काँक्रीटचं जोडकक्ष या रेषेच्या बरंच आत हवं. सरासरी आकड्यावर विसंबणं इथे धोक्याचं असतं, कारण धूप सलग होत नाही. काही वर्षं कडा जागचा हलत नाही आणि एका हिवाळ्यात सगळी थकबाकी वसूल करतो.

कड्याखालून किंवा वाळूच्या टेकड्यांखालून केबल नेण्यासाठी आडवं ड्रिलिंग करतात. जमिनीच्या बाजूने यंत्र लावून आधी एक बारीक मार्गदर्शक भोक पाडतात. ड्रिलच्या टोकाची दिशा सतत मोजत ते कड्याखालून खोल नेऊन काही शे मीटरवर समुद्रतळातून बाहेर काढतात. मग टप्प्याटप्प्याने भोक रुंद करतात आणि त्यातून प्लॅस्टिकचा जाड पाइप ओढून घेतात. केबल नंतर या पाइपमधून येते. भोकाच्या भिंती ढासळू नयेत आणि कापलेली माती बाहेर यावी म्हणून बेंटोनाइट चिकणमातीचं पातळ मिश्रण दाबाने खेळवत ठेवतात.

बिघाड होतो तो याच मिश्रणामुळे. वरचा मातीचा थर पातळ असेल किंवा खडकात भेगा असतील, तर ते दाबाखाली वाट काढून वर फुटतं, कधी शेतात तर कधी ओढ्यात. ते विषारी नसतं, पण स्वच्छ पाण्याच्या ओढ्यात त्याचा गाळ माशांच्या अंड्यांवर बसला की व्हायचं ते नुकसान होतंच. नॉरफोकमधली वेन्सम ही चुनखडीतल्या झऱ्यांवर वाहणारी संरक्षित नदी आहे आणि दोन्ही प्रकल्पांना ती ओलांडावी लागते. अशा जागी आधी बोअर घेऊन थरांचा अभ्यास, पुरेशी खोली, दाबावर सतत नजर आणि दाब अचानक घसरला की तत्काळ पंप बंद, एवढी शिस्त लागते. बोअरचे पैसे वाचवणं इथे अजिबात परवडत नाही.

आता नकाशा

टोकं ठरली, रुंदी ठरली, की नकाशाचं काम सुरू होतं. मधल्या मुलखाचे थर एकावर एक चढवतात: संरक्षित अधिवास, प्राचीन वनं, पुरातत्त्वीय स्मारकं, पूरक्षेत्रं, जुनी कचराभरणी केंद्रं, गॅसवाहिन्या, लोहमार्ग, लष्करी जमिनी, घरं आणि त्यांच्याभोवती सोडायचं अंतर, नियोजित वसाहती. प्रत्येक थराला काळा, लाल, पिवळा किंवा हिरवा दर्जा देतात. काळ्यातून जायचंच नाही, लालमधून फारच नाइलाज असेल तर, पिवळ्यातून काळजी घेऊन.

बरेच जण मग प्रत्येक पर्यायाच्या गुणांची बेरीज करून कमीत कमी गुणांचा मार्ग निवडतात. ही बेरीज फसवी आहे. वीस किलोमीटर बिनत्रासाची शेतं आणि दोनशे मीटरची अशी एक चिंचोळी जागा जिथून पट्टा जाऊच शकत नाही, अशा मार्गाला गुण चांगले मिळतात, पण तो बांधता येत नाही. अनुभवी माणसं उलट्या बाजूने सुरुवात करतात. आधी पन्नास-साठ किलोमीटरमधल्या सर्वांत अवघड चार-पाच जागा शोधतात: दोन गावांमधली फट, नदी आणि रेल्वे एकमेकींजवळ येतात ती खोबण, टेकडीवरचं वन आणि गॅसवाहिनी यांच्यामधली पट्टी. तिथून पलीकडे जाण्याची खात्रीची वाट सापडली, की या जागा जोडणारा मधला मार्ग बराचसा आपोआप उलगडतो.

पहिला पट्टा शेकडो मीटर रुंद असतो. सर्वेक्षणं आणि जमीनमालकांशी बोलणी होत जातात तसा तो अरुंद होतो. इथे ऋतू पाळावे लागतात. तळ्यांमधल्या क्रेस्टेड न्यूट या संरक्षित उभयचरासाठी पाण्यातल्या डीएनएची चाचणी १५ एप्रिल ते ३० जून याच काळात ग्राह्य धरतात. ती वेळ हुकली की एक वर्ष गेलं. झुडपांची जिवंत कुंपणं पक्ष्यांच्या विणीच्या काळाबाहेर काढावी लागतात. पुरातत्त्वासाठी आधी मॅग्नेटोमीटरने शेतं चालून काढतात आणि जिथे संशयास्पद आकृत्या दिसतील तिथे चाचणीचे चर खणतात. रोमन वस्ती सापडली तर त्या टप्प्यावर मार्ग हलवणं अजून शक्य असतं. बांधकामात सापडली तर काम थांबतं आणि यंत्रांचं भाडं चालू राहतं.

इंग्लंडमध्ये १०० मेगावॉटहून मोठ्या समुद्री प्रकल्पाला २००८ च्या नियोजन कायद्याखाली थेट मंत्र्यांची मंजुरी लागते. परीक्षण सहा महिन्यांपर्यंत, शिफारस तीन आणि निर्णय तीन महिन्यांत, असं वेळापत्रक आहे. मंजुरी मिळते ती नकाशावरच्या ठरावीक हद्दीला. पुढे अडचण आली आणि हद्दीबाहेर पाच मीटर जरी जायचं झालं, तरी वेगळी प्रक्रिया. म्हणून ड्रिलिंगच्या आणि ओलांडणीच्या जागी हद्द मुद्दाम रुंद ठेवतात. मात्र सगळीकडेच ती ऐसपैस ठेवली तर शेकडो मालकांच्या जमिनी कारण नसताना अनिश्चिततेत अडकतात आणि विरोध वाढतो. रुंदी कुठे हवी आणि कुठे नको, हे सांगता येणं ही मार्ग आखणाऱ्याच्या कौशल्याची खरी कसोटी आहे.

वळणाचा हिशेब

अडथळा आला की वळसा घालू, असं कागदावर सोपं वाटतं. केबल पाइपमधून ओढताना प्रत्येक वळणाची किंमत मोजावी लागते. वळणावर केबल पाइपच्या आतल्या भिंतीला दाबली जाते आणि ओढण्याचा ताण बेरजेने नाही, गुणाकाराने वाढतो. घर्षणाचा गुणांक ०.२५ धरला तर ९० अंशांच्या एका वळणानंतर ताण जवळपास दीडपट होतो, दोन वळणांनंतर सुमारे २.२ पट. ॲल्युमिनियमच्या गाभ्यावर चौरस मिलिमीटरला ३० न्यूटनपर्यंत ताण चालतो. २,००० चौरस मिलिमीटरच्या केबलला म्हणजे ६० किलोन्यूटन, साधारण सहा टन. ही मर्यादा ओलांडली तर गाभा ताणला जातो. बाहेरून काही दिसत नाही, बिघाड वर्षांनंतर उमटतो.

म्हणून नागमोडी मार्गावर जोडकक्ष जवळजवळ घ्यावे लागतात. एरवी ते ५०० ते १,००० मीटरवर असतात. त्याहून लांब तुकडा घेतला तर केबल गुंडाळलेल्या ड्रमचं वजन आणि व्यास रस्त्याला झेपत नाही. भरलेलं ड्रम २० ते ४० टनांचं होऊ शकतं. प्रत्येक जोड हा केबलमधला सर्वांत नाजूक भाग. तो कक्षातल्या तात्पुरत्या बंद खोलीत, धूळ आणि ओल दूर ठेवून हाताने करावा लागतो. जोड जितके कमी तितकं चांगलं.

एसीमध्ये आणखी एक बंधन आहे. केबलच्या धातूच्या आवरणात वाया जाणारा प्रवाह वाहू नये म्हणून तीन सलग तुकड्यांमध्ये आवरणांची जोडणी फेजनिहाय आळीपाळीने बदलतात. तिन्ही तुकडे जवळपास समान लांबीचे असले तरच त्यातले व्होल्टेज एकमेकांना रद्द करतात. एक जोडकक्ष ओढ्यामुळे दीडशे मीटर सरकवला तर त्या त्रिकुटातले बाकीचेही तपासावे लागतात. डीसीला हा त्रास नसतो.

गॅसवाहिनी, रेल्वे, मोठा रस्ता शक्य तितका काटकोनात ओलांडतात. तिरकं गेलं तर भोक लांबतं, आणि एसी केबल गॅसवाहिनीला दूरवर समांतर ठेवली तर पाइपमध्ये व्होल्टेज प्रवर्तित होऊन गंज आणि कामगारांना धक्का, दोन्हींचा धोका. लहान गल्लीवजा रस्ते सरळ खोदून ओलांडतात, एक लेन चालू ठेवून.

केबलमार्ग निवडताना ट्रकचा मार्गही निवडला जातो, हे अनेकदा उशिरा लक्षात येतं. नॉरफोकमधल्या कॉस्टन गावात घरांना खेटून जाणाऱ्या अरुंद रस्त्यावरून दोन्ही प्रकल्पांची अवजड वाहनं जाणार, हा परीक्षणातला मोठा वादाचा मुद्दा झाला होता. केबल गावाबाहेरून जात असली तरी मुरूम, वाळू आणि ड्रम गावातूनच येतात.

मातीचा गरमपणा

केबलची क्षमता शेवटी माती ठरवते. गाभा ९० अंश सेल्सिअसपर्यंत तापू शकतो, त्याहून जास्त झालं तर इन्सुलेशन लवकर म्हातारं होतं. उष्णता मातीतूनच बाहेर जाणार. ओलसर माती ती चांगली वाहून नेते, कोरडी वाळू आणि वाळलेली पीट (कुजलेल्या वनस्पतींची) माती अडवून धरते. केबल स्वतःच आसपासची ओल पळवून लावते, माती सुकते, आणखी तापते. हे चक्र टाळण्यासाठी केबलभोवती वाळू-सिमेंटचं कोरडेपणीही उष्णता वाहणारं मिश्रण भरतात. ब्रिटनमध्ये १४ भाग वाळूला एक भाग सिमेंट हे नेहमीचं प्रमाण. त्यावर संरक्षक फरशा, धोक्याची पट्टी, मग माती. दोन वाहिन्यांमध्ये काही मीटर अंतर, नाहीतर त्या एकमेकींना तापवतात.

सर्वांत गरम जागा बहुधा ड्रिलिंगची असते. केबल दहा-पंधरा मीटर खोल, वर मातीचं जाड पांघरूण, आणि पाइपमधली रिकामी हवा. पन्नास किलोमीटर मार्गाची क्षमता अशा तीनशे मीटरच्या तुकड्यावर ठरू शकते. तिथे गाभा जाड करावा लागतो, पाइप लांब लांब ठेवावे लागतात, कधी पाइप बेंटोनाइटने भरून टाकतात. कुणी म्हटलं, ‘सगळीकडेच ड्रिल करा, शेत खोदू नका,’ तर त्याला खर्चाइतकंच हेही उत्तर आहे.

शेतकऱ्याचं म्हणणं

शेतात केबल नांगराच्या खूप खाली, साधारण १.२ मीटरवर असते. काम संपल्यावर वर पीक घेता येतं. झाडं लावता येत नाहीत, बांधकाम करता येत नाही. विकासक आधी सामोपचाराने सुविधाधिकाराचा, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीतून केबल नेण्याच्या हक्काचा, करार करतो. न जमल्यास मंजुरीबरोबर सक्तीने हक्क मिळवण्याची तरतूद असते.

शेतकऱ्यांचा खरा राग पैशांपेक्षा निचऱ्यावर असतो, आणि तो खरा आहे. पूर्व इंग्लंडच्या जड जमिनीत खाली भाजक्या मातीच्या नळ्यांचं जुनं जाळं आहे. त्यांचे नकाशे अनेकदा कुणाकडे नसतात. चर त्या सगळ्या कापत जातो. नीट जोडल्या नाहीत तर दोन-तीन वर्षांनी शेताच्या वरच्या बाजूला पाणी साचतं आणि तोवर कंत्राटदार निघून गेलेला असतो. चर खणण्याच्या आधीच पट्ट्याच्या कडेने नवी मुख्य नळी टाकून जुन्या तिला जोडून घेणं हा योग्य क्रम आहे. वरची सुपीक माती आणि खालची माती वेगवेगळ्या ढिगांत ठेवायची, ओल्या मातीवर यंत्रं चालवायची नाहीत. एका हिवाळ्यात घाईने केलेलं काम बरीच वर्षं उत्पन्न कमी करतं. बटाट्याच्या भागात यंत्रांना चिकटलेली माती एका शेतातून दुसऱ्यात गेली तर सूत्रकृमी पसरतात, म्हणून हद्दीवर यंत्रं धुवावी लागतात.

एकत्र विचार केला असता तर

नेक्टनला व्हॅनगार्ड आणि बोरियस, दोन्हींची रूपांतरण केंद्रं शेजारी शेजारी येणार होती. व्हॅनगार्डला जुलै २०२० मध्ये मंजुरी मिळाली. फेब्रुवारी २०२१ मध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द केली, कारण दोन्ही केंद्रांचा परिसरावर होणारा एकत्रित दृश्य परिणाम निर्णयात विचारात घेतला नव्हता. फेब्रुवारी २०२२ मध्ये नव्याने मंजुरी मिळाली. जी गोष्ट आधी कागदावर मांडायला काही आठवडे लागले असते, तिने दीड वर्ष खाल्लं.

उलट उदाहरण शेजारच्या सफोक परगण्यात आहे. ईस्ट अँग्लिया वन या समुद्री पवनऊर्जा प्रकल्पाची केबल बॉड्झीच्या किनाऱ्यापासून ब्रॅमफर्डपर्यंत सुमारे ३७ किलोमीटर जाते, वाटेत डीबन नदीखालून. हे काम करतानाच ईस्ट अँग्लिया थ्री या पुढच्या प्रकल्पासाठी रिकामे पाइपही पुरून ठेवले. नंतर जोडकक्षांच्या जागा उघडून केबल ओढायची, शेत पुन्हा सलग खणायचं नाही. पहिल्या प्रकल्पाला यासाठी जादा पैसे आधी गुंतवावे लागतात आणि दुसरा प्रकल्प रखडला तर ते अडकतात. दोन्हींचा मालक एकच असेल तर हे जमतं. मालक वेगळे असतील तर नियमानेच ते भाग पाडावं लागतं. ब्रिटिश सरकारने २०२० मध्ये समुद्री पारेषणाचा फेरविचार सुरू केला आणि जुलै २०२२ मध्ये २३ गिगावॉट समुद्री पवनऊर्जेचं एकत्रित जाळं आखणारा आराखडा प्रसिद्ध झाला. नॉरफोकच्या लोकांनी मागितलेलं तेच, पण त्यांच्या मार्गांसाठी उशिरा आलेलं.

भारतात ही वेळ अजून हातातून गेलेली नाही. जून २०२४ मध्ये केंद्राने गुजरात आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यांवर प्रत्येकी ५०० मेगावॉटसाठी ७,४५३ कोटी रुपयांची योजना मंजूर केली आणि वीज बाहेर काढण्याची व्यवस्था पॉवरग्रिड या सरकारी पारेषण कंपनीवर सोपवली. म्हणजे ग्रिडचं टोक आणि किनाऱ्यावरची जागा एकाच संस्थेच्या हातात आहे. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीतला फरक प्रचंड आहे आणि चिखलाचे सपाट पट्टे लांबवर पसरलेले आहेत. तिथे केबल किनाऱ्यावर आणण्याच्या चांगल्या जागा मोजक्याच निघतील. पहिल्या ५०० मेगावॉटसाठी ड्रिल करताना पुढच्या दोन प्रकल्पांचे पाइप त्याच वेळी ओढून ठेवायचे की नाही, हे निविदेतच लिहावं लागेल. नंतर लिहायचं म्हटलं तर तीच वाळू आणि तीच शेतं पुन्हा खणावी लागतील.